आवाज शनिवारी परत आला

फ्रोया, सोमवार, १२ फेब्रुवारी

प्रिय एंद्रे,

माझ्या संगणकाचा आवाज शनिवारी परत आला. शेजारची गुनवोर साक्षीला आहे. ती अंगणात लाकडं उचलत होती, आणि माझ्या बंद खिडकीतूनही हवामानाच्या बातम्या ऐकून ओरडली, "अगं, बंद कर तो कोकलणारा डबा!" बाकी सगळं ठीक. गुडघा आहे तसाच आहे. तू आणि तोन्ये बरे असाल.

जानेवारीत संगणकावर नवी आवृत्ती चढली आणि तेव्हापासून तो मुका झाला. रविवारच्या गप्पांत तुमची तोंडं नुसती हलायची. मी कानाकडे बोट दाखवून "ऐकू येत नाही" म्हटलं, तर तू कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलंस, 'आई, कानातलं यंत्र लावलंस का?' लावलं होतं रे. बॅटरीही नवी होती. मग मी संगणकाकडे बोट दाखवलं, तर सूनबाई तोन्येने मान डोलावली, लहान मुलापुढे डोलावतात तशी.

शेवटी मीच दुरुस्तीला बसले. गुनवोर कॉफी प्यायला आली होती. म्हणाली, "दोन थपडा दे त्याला."
"तुझ्या नवऱ्याला दिल्या होत्यास, तो बोलायला लागला का?"
"गप्प झाला की! मला तेच हवं होतं."

आवाजाच्या सेटिंगमध्ये पाहिलं, तर आवाज पडद्याकडे जात होता, आणि माझ्या पडद्याला स्पीकरच नाहीत. यादीत जुने स्पीकर दिसेनात. म्हणून आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा छोटा प्रोग्राम, काढून टाकला आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला. त्याने ड्रायव्हर आपणहून परत बसवला, स्पीकर यादीत आले, मी ते निवडले. झालं.

हे तुला काल सांगणार होते. तुला चकित करायचं म्हणून सुरुवातीला गप्प बसले. तू नेहमीसारखा हसून हात हलवलास, आणि तसंच हसत, ओठांच्या कडेतून तोन्येला म्हणालास, "विक्रीसाठी घराचे फोटो काढायला माणूस शुक्रवारी जातोय. तोवर तिला काही बोलायचं नाही."
"आणि वृद्धाश्रमाचा अर्ज?"
"काहीच ऐकू येत नाही असं लिहिलंय. एकटी कशी राहणार, हे त्यांना पटेल."

मीही हसून हात हलवला.

वृद्धाश्रमाचे अर्ज पालिकेकडे जातात, म्हणून आज सकाळी तिथल्या कार्यालयात फोन केला. हो, फोन. पलीकडची बाई अगदी हळू बोलत होती, तरी शब्द न् शब्द कळला. माझ्या संमतीशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. मला कितपत ऐकू येतं ते बघायला गुरुवारी त्यांची परिचारिका घरी येणार आहे. फोटोवाल्याला येऊ नको म्हणून तू आजच कळव. घर माझं आहे, आणि मी त्यात राहते आहे.

फेब्रुवारी एकटीला फार लांब वाटतो, हे खरं आहे. तुला काळजी वाटते, तीही खोटी नाही. पण काळजी असलेल्या माणसाने आईसमोर बसून तिच्याविषयी दुसऱ्याशी बोलायचं नसतं.

रविवारी नेहमीच्या वेळी मी पडद्यासमोर असेन. घराबद्दल जे म्हणायचं ते माझ्याकडे बघून, मला म्हण. मी 'नाही' म्हणणार आहे. ते तुला ऐकावं लागेल.

अजून तुझीच,
आई