वर येतानाचे थांबे

३ मार्च

चोरी केली! वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, सख्ख्या भावाच्या घरात, भरदुपारी. दादा डॉक्टरकडे गेला होता, वहिनी तिच्या चष्म्याच्या दुकानात. दारामागच्या खुंटीवर दादाची पाणबुड्याची बॅग असते. तिच्यातून रेग्युलेटर काढला — तोंडात धरून श्वास घ्यायचं ते यंत्र, नळ्यांसकट — आणि माझ्या खोलीत संस्कृत कोशाच्या तीन खंडांमागे दडवला. त्या कोशाला या घरात माझ्याशिवाय कुणी शिवत नाही. धूळसुद्धा विचार करून बसते.

तीस वर्षं बंदरात पाण्याखाली वेल्डिंग केलं त्याने. गेल्या साली हवा संपत आली म्हणून खोलातून थेट वर आला. वर येताना ठरावीक खोलीवर थांबत थांबत यायचं असतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. झाले. डावा पाय दोन दिवस मेल्यासारखा होता, अजून ओढत चालतो. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा खाली गेलात तर एक पाय जाईल, नाहीतर तुम्ही."

दादा म्हणाला, "बघू."

नगरपालिकेच्या बैठकांच्या बातम्या देण्यात माझी वीस वर्षं गेली. "बघू" म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको.

५ मार्च

बंदरावरच्या मुकादमाचा फोन. दादा गॅलरीत जाऊन बोलला. मला एवढंच ऐकू आलं — "हो... महिनाअखेर? ...पाय ठीक आहे रे!"

वहिनीची सुरी पाटावर थांबली. "भाऊजी, तुम्ही दिवसभर घरी असता. यांना कशात तरी अडकवा."

कशात अडकवू? माझ्याकडे सुभाषितं आहेत. ती ऐकून माणूस सुटायलाच बघतो.

८ मार्च

खेळ आणला. टीव्हीला जोडायचं यंत्र, दोन कंट्रोलर. दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, मुलगा केवढा आहे?"

"अठ्ठावन्न."

खेळ असा — आपलं यान परक्या ग्रहावरच्या समुद्रात कोसळलंय, आपण एकटेच वाचलोय. बुडी मारायची, तळाचं तांबं-टायटॅनियम गोळा करायचं, त्यातून राहायला खोल्या बांधायच्या, आणि श्वास संपायच्या आत वर यायचं. नकाशा नाही. मदत नाही. खाली काहीतरी प्रचंड ओरडत असतं.

दादाने पाच मिनिटं पाहिलं. "पाणी चुकलंय."

"म्हणजे?"

"एवढं दिसत नसतं खाली. स्वतःचा हात दिसत नाही. हे काय, मत्स्यालय?" आणि उठून गेला.

हरलो.

९ मार्च

बातमी पाठवून बाहेर आलो तर दादा सोफ्यावर, कंट्रोलर उलटा धरून! "बुडी मारायचं बटण कुठलं?"

मी श्वास रोखून सांगितलं.

११ मार्च

दादा आज नऊ वेळा मेला. खेळात. कारण एकच — वर येताना थांबतो! तळाशी काम उत्तम करतो, माशांना चकवतो, आणि पृष्ठभाग डोक्यावर दिसत असताना मध्येच तरंगत बसतो. हवेचा आकडा शून्यावर येतो, पडदा काळा.

"दादा, खेळात थांबायची गरज नाही. सरळ वर ये."

"पाण्याला सांग तसं."

दहाव्यांदा बुडी. पुन्हा थांबला. पुन्हा मेला. पडद्याच्या काळ्या काचेत त्याचा चेहरा दिसत होता. गेल्या साली जे थांबे चुकले, ते तो आता एकेक करून घेत होता.

१४ मार्च

रेग्युलेटर गेल्याचं त्याच्या लक्षातच आलेलं नाही! बॅग रोज खाली काढतो, मास्क पुसतो, पायातले पंख पुसतो, परत टांगतो. विचारत नाही. मला झोप नाही, भूक नाही, गुन्हा मात्र पचतोय.

आज खोलीच्या दारात उभा राहिला. "तुझ्या त्या कोशात 'गुदमरणे'ला शब्द आहे का रे?"

"का?" माझा आवाज चिरकला.

"सहज. शब्द असेल तर तुला उपयोगी पडेल. घामाघूम झालायस." आणि पाय ओढत गेला.

१६ मार्च

आज कंट्रोलर माझ्याकडे. मी पोहू शकत नाही. दादाला पाण्याने तीस वर्षं पोसलं, मला बादलीतलंही पुरे. पडद्यावर मोठा मासा आला तेव्हा पाय आपोआप सोफ्यावर घेतले. वहिनी हसली ती हसतच राहिली.

खोली बांधली. सुंदर! मग काचेच्या खिडक्या लावल्या — एक, दोन, चार. काच वाढवली की भिंतीची ताकद घटते, हे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. लोकांची बारीक अक्षरं वाचण्यात माझा जन्म गेला, ती नेमकी वाचली नाहीत. पाचव्या खिडकीला कडकड आवाज, आणि समुद्र घरात. दादाने आठवडाभर जमवलेलं सामान पाण्याखाली — म्हणजे आणखी पाण्याखाली.

दादा शांतपणे म्हणाला, "वार्ताहराला बाहेर बघायचं असतं. पाण्याला आत यायचं असतं. दोघांचं जमवायला वेल्डर लागतो." तीन तास बसून भिंती सांधून दिल्या. शीळ घालत! वर्षभरात पहिल्यांदा शीळ ऐकली.

१९ मार्च

दादाने तोडगा काढला. तळापासून पृष्ठभागापर्यंत एकाखाली एक तीन छोट्या खोल्या. प्रत्येकीत हवा. आता प्रत्येक थांब्यावर आत जायचं, हवं तेवढं बसायचं, मग वर. हा खेळ बनवणाऱ्यांना असं घर कुणी बांधेल हे स्वप्नातही आलं नसेल. त्यांना वाटतं माणसाला वर यायची घाई असते.

नावं द्यायचं काम माझ्याकडे. खालून वर — पूरक, कुंभक, रेचक. इतकी वर्षं पाठ केलेला प्राणायाम कुठेतरी कामाला आला!

"कुंभक म्हणजे?" दादा.

"श्वास रोखून धरणे."

"वेडा आहेस का? खाली श्वास कधीच रोखायचा नाही. वर येताना फुप्फुस फाटतं. पहिला नियम. नाव बदल."

मधल्या खोलीचं नाव आता 'चहा' आहे. रेचकाबद्दल वहिनीचं वेगळं म्हणणं होतं, ते इथे लिहीत नाही.

२४ मार्च

मुकादम घरीच आला. पाणी ओढणाऱ्या पंपाच्या जाळीत दोर अडकलाय, अठ्ठावीस तारखेला जाळी साफ करायची. "तासाभराचं काम आहे, उस्ताद. तुम्ही पाहिजे." उस्ताद म्हटलं की दादाची पाठ ताठ होते, हे त्याला माहीत आहे.

तो गेल्यावर मी म्हणालो, "जाऊ नकोस."

"जाऊन येतो."

"डॉक्टर काय म्हणाले—"

"पाय माझा आहे."

"आणि भाऊ माझा आहे!"

दादाने कंट्रोलर उचलला. वहिनीने आतलं दार लावून घेतलं. ती रडताना नळ सोडून ठेवते.

२६ मार्च

कुणीच धड बोलत नाही. बातमीत 'पाणीपुरवठा' ऐवजी 'प्राणपुरवठा' लिहून पाठवलं. संपादकांचा फोन — "तब्येत बरी आहे ना?"

२७ मार्च

कोशामागे हात घालून पाहिलं. आहे. दिवसभरात पाच वेळा पाहिलं. आहे.

२८ मार्च

सकाळी उठलो तर खुंटी मोकळी! बॅग नाही, दादा नाही. कोशाकडे धावलो — रेग्युलेटर जागच्या जागी. हुश्श म्हटलं, आणि मग अंगावर काटाच आला. बंदरावर काय रेग्युलेटरांचा दुष्काळ आहे? जगात तेवढा एकच असल्यासारखा मी तीन आठवडे पहारा देत होतो. मूर्खाला पांडित्याची जोड मिळाली की असं होतं.

चपला घालायचं भान राहिलं नाही. धक्क्यावर पोचलो तर नाव धक्क्यालाच बांधलेली, आणि दादाचा पोशाख — कोपराला पिवळी पट्टी, वहिनीने स्वतः शिवलेली — पाण्याखाली जाताना दिसला. नुसते बुडबुडे उरले.

ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. मोजायला लागलो, खेळात मोजतो तसं. साठ. शंभर. एकशेवीस. खेळात एवढ्यात पडदा काळा होतो.

मग नावेतला माणूस दिसला. पाठमोरा, हातात दोर, कान जणू पाण्याला लावलेला. डावा पाय सरळ पुढे पसरलेला.

दादा!

खाली टाचणी गेली होती. त्याची जुनी शिष्या — सुईसारखी बारीक, म्हणून त्यानेच ठेवलेलं नाव. आठ वर्षं बंदरात काम करते. पोशाख त्याने तिला दिला होता. मी नावेत कोसळलो. त्याने वळूनही पाहिलं नाही. "हळू. दोर हलतो."

"तू सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू 'जाऊ नकोस' म्हणालास."

तासाभराने दोराला तीन झटके आले — काम झालं. मुकादम धक्क्यावरून ओरडला, "झालं ना? मग ओढा वर! पंप सुरू करायचाय!"

दादाने दोर थोडा ओढला, आणि धरून ठेवला. "थांबू दे तिला."

"अहो उस्ताद, वेळ—"

"पाण्याला सांग तसं."

पहिला थांबा. दुसरा, लांब. दादा घड्याळाकडे बघत नव्हता, दोराकडे बघत होता. मी मनात म्हणत होतो — पूरक. चहा. तिसऱ्याला टाचणीचं डोकं पाण्याबाहेर आलं, तोंडातलं यंत्र काढून ती हसली. "उस्ताद, रेग्युलेटर भाड्याचा आहे, कडवट लागतो."

"बघू," दादा म्हणाला.

२९ मार्च

चहा ओतताना दादा म्हणाला, "कोशामागचा रेग्युलेटर काढून ठेव. टाचणी दुपारी न्यायला येईल."

चहा बशीत गेला, बशीतून टेबलावर. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"तीन तारखेपासून. धूळ पुसली गेली होती."

सव्वीस दिवस. माझ्या खोलीला कडीसुद्धा नाही.