तलम आजार

जानेफळ, ३ डिसेंबर

ती. उत्तमदादांस, भगवंताचा शि. सा. न. वि. वि.

आधी तक्रार. आपल्या जिनिंगमधल्या रुईची जी गादी तुम्ही मला दिलीत, तिला मधोमध टेंगूळ आलं आहे. झोपायला मी चढतो आणि उठायला उतरतो. सख्ख्या भावानं एवढा अन्याय करू नये.

फोनवर बोलायला श्वास पुरत नाही, म्हणून पत्र. तुमच्याकडे वीस हंगाम रुई उपसली, त्या छातीला डॉक्टरांनी नाव दिलं : बिसिनोसिस. माझी निशिगंधा नर्सिंग शिकते. ती म्हणाली, 'बिसस' म्हणजे जुन्या ग्रीकांच्या भाषेत तलम कापड. श्रीमंत ल्यायचे, मढीही त्यातच गुंडाळायचे. त्यावरून कापसाच्या धुळीच्या रोगाला हे नाव पडलं. सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळते, ही त्याची खूण.

माझ्या जागी माझ्या दीपकला घेतलंत, उपकार झाले. पण आता त्याचीही छाती तशीच आवळते. त्याला धुळीतून काढून वजनकाट्यावर बसवा.

लोभ आहेच, थोडा पुतण्याकडे वळवावा.

भगवंत

देऊळगाव राजा, २४ डिसेंबर

चि. भगवंतास अनेक आशीर्वाद.

श्रीमंतांच्या कापडाचा आजार झाला, घराण्याचा मान वाढला! आबा बिचारे साध्या खोकल्यानं गेले.

सुट्टीनंतरच छाती आवळते, याला आमच्यात कामचुकारपणा म्हणतात. ग्रीक काय म्हणतात ते निशिगंधेला विचार. काट्यावर माझा मुलगा प्रेम बसतो. तरी काका म्हणून उपाय केला. सुट्टी काऊन लागते बे तुले, असं विचारून दीपकची सुट्टीच बंद केली. आता तो छातीचं नाव काढत नाही. डॉक्टरला कळव.

हंगामभर माणूस देईन, हा शब्द तू देवळात बालाजीसमोर दिला आहेस. गादी उन्हात टाक.

लोभाची काळजी नको, तो मोजूनच आहे.

उत्तम

जानेफळ, २८ डिसेंबर

ती. दादांस सा. न.

तुमचा उपाय निशिगंधेला वाचून दाखवला. ती म्हणाली, रोज धूळ मिळाली की छाती कुरकुर थांबवते आणि मुकाट झिजते. मी वीस वर्षं काऊन गप्प होतो, ते आता समजलं.

दीपक काल घरी आला. तो परत येणार नाही. शब्द मात्र शब्द आहे. उरलेला हंगाम मी भरतो. सोमवारच्या एसटीनं निघतो. मला सुट्टी नको.

गादी सोबत आणतो. टेंगूळ मोडलं नाही. त्याला टेकून बसलं की श्वास बरा लागतो.

पुष्पावहिनींना मला गुंडाळायला एक कापड काढून ठेवायला सांगा. साधंच चालेल; तलम आत आहे.

लोभ पुरला.

भगवंत