सही न केलेलं बदकाचं तिकीट

ओमाहा, २८ सप्टेंबर १९९९

चि. सौ. नोएमीस युलाचे अ. उ. आ.

रविवारी बाबांचा फोन होता. भाताच्या शेतात पाणी सोडल्याचं सांगून झालं, आणि मग म्हणाले, नोएमी आता शिट्टीवर माझ्याहून छान बदकं बोलावते. माझ्या हातातला चहा निवला. ती शिट्टी आजोबांची. मी मागितली होती तेव्हा, आधी दात पक्के होऊ देत, म्हणाले होते. तुझे बरे लवकर झाले!

शेतात शिकारीसाठी लपून बसायच्या त्या खड्ड्यात दोनच माणसं मावतात. बाबांच्या डावीकडची जागा माझी होती, तू टेक्सासात बाहुल्या खेळत होतीस तेव्हापासून. डोळे साथ देत नाहीत, हा शेवटचा हंगाम, असंही ते म्हणाले. म्हणून हंगामाच्या पहिल्या शनिवारी मी येते आहे. माझी जागा मोकळी ठेव.

वॉलेस तेलाच्या बोटीवरून परतला की माझ्या या धाकट्या भावाला आशीर्वाद सांग. राग मानू नकोस. मानलासच तर थोडा मान.

तुझी नणंद,
युला


गेडन, लुइझियाना, ११ ऑक्टोबर

ती. वन्संना नोएमीचा सा. न. वि. वि.

जागा झाडून ठेवते. पण नुसतं माहेर म्हणून बंदूक उचलता येत नाही हो. तुम्हाला परराज्यातल्या शिकाऱ्याचा परवाना काढावा लागेल. मी टेक्सासची, तर मी इथली रहिवासी. तुम्ही याच बांधावर रांगलेल्या, तर परक्या. कायदा मी केलेला नाही, पण वाचताना मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

शिवाय पक्ष्यांच्या मोजणीसाठी नाव नोंदवावं लागतं. गेल्या हंगामात किती बदकं मारलीत, असं विचारतात. तुम्ही बिनधास्त शून्य लिहा.

शिकारीला लागणारं, बदकाचं चित्र असलेलं ते सरकारी तिकीट सोबत पाठवते आहे. दर वर्षीप्रमाणे मामंजींनीच पोस्टातून आणलं. त्यावर शाईनं आडवी सही केल्याशिवाय ते चालत नाही. माझं तिकीट आणलं की म्हणतात, कर सही, चल. तुमचं मात्र मेणकागदात गुंडाळतात आणि मला हातसुद्धा लावू देत नाहीत. तुम्हाला शिट्टी खुपते, मला तो मेणकागद खुपतो.

आणखी एक. दर वर्षी पहिल्या दिवशी ते निघायला उशीर करतात. बूट घालून रस्त्याकडे बघत बसतात. विचारलं तर म्हणतात, धुकं निवळू दे. धुकं नसलं तरी.

माझा गंबोचा रस्सा पातळ होतो, हे तुमचं नेहमीचं बोलणं या खेपेला ताटावर बसून ऐकवा.

तुमची भावजय,
नोएमी


ओमाहा, २५ नोव्हेंबर

चि. सौ. नोएमीस अ. उ. आ.

सुखरूप पोचले. तू घरी गंबो ढवळत होतीस, म्हणून बांधावर काय झालं ते तुला ठाऊक नाही, आणि तुझ्यासमोर सांगायची माझी जीभ रेटली नाही.

आम्ही गाडीतून उतरत होतो तेवढ्यात शिकारखात्याची वॉर्डन आली. परवाना पाहिला, नोंदणी पाहिली. मेणकागद उघडला, तर तिकीट कोरं. मी सही केलीच नव्हती. कशी करणार? लग्नानंतर दर वर्षी बाबांनी पाठवलेलं एकेक तिकीट मी तसंच वहीत लावलं आहे. एकावरही शाईचा थेंब नाही. मेणकागदात जपून आलेलं, तुला तसं मिळत नाही असं माझ्याकडे एवढंच तर होतं.

वॉर्डन पोरगी चांगली होती. म्हणाली, मावशी, सहीशिवाय हे नुसतं चित्र आहे. आत्ता करा नाहीतर घरी जा. तिनं पेन पुढे केलं, तरी माझा हात पुढे होईना. तेव्हा बाबा म्हणाले, अगं, मी ती जपायला पाठवत नव्हतो. ये म्हणून पाठवत होतो.

एवढंच. मग बंदूक पुसायला लागले.

नोएमी, एकेका हंगामापुरतं चालणारं तिकीट असतं ते. जून सरला की संपतं. मी आमंत्रणं वहीत चिकटवत बसले.

बदकाच्या पाठीवरून मी ठळक सही केली. दोन टिपली. तिसऱ्याला बाबांनी बंदूक वर केली आणि खाली ठेवली. म्हणाले, मला नुसता आवाज येतो. बदकं बाबांना दिसतील इतकी जवळ यावीत म्हणून तू शिट्टी शिकलीस, ते मला तेव्हा कळलं. कळलं तरी मी जळायची थांबले आहे असं समजू नकोस.

युला


गेडन, ९ डिसेंबर

ती. वन्संना सा. न.

तुमचं सही केलेलं तिकीट मामंजींनी ठेवून घेतलंय, हे तुम्ही पत्रात गाळलंत. टोपीच्या आत खोचलंय. बियाण्याच्या दुकानात टोपी काढून ज्याला त्याला दाखवतात. त्यांना स्वतःला ते धड दिसत नाही. माझी इतकी तिकिटं चिखलात भिजली, एकही कधी टोपीत गेलं नाही. मी दोन दिवस भांडी आपटली. मग काल वॉलेसला घेऊन खड्ड्यात उतरले आणि उजवीकडची भिंत खणायला लावली. आता तिघं मावतील. शिकार नसली तरी बदकं ऐकायला मामंजी येणार म्हणतात.

डावीकडची जागा तुमची. शिट्टी मी देणार नाही.

पुढच्या वर्षी नोंदणी करताना गेल्या हंगामातली बदकं विचारतील. शून्य लिहू नका.

तुमची,
नोएमी