आईच्या लॅपटॉपमधली दुसरी पट्टी

सेनो,

आईसाठी मी शोधून शोधून असा जुना लॅपटॉप घेतला, ज्याचं वायफाय लिनक्सवर विनातक्रार चालतं. सोलोहून आणला तेव्हा त्यात रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, मिळून चार जीबी. आज एकच उरलीय. खालच्या झाकणाचा स्क्रू ओरखडलाय, आणि परवापर्यंत रडत चालणारा तुझा कॉम्प्युटर अचानक पळायला लागलाय. मी काही म्हणत नाही.

दोन जीबीवर अगदी हलकं लिनक्सच बसेल, आणि व्हिडिओ कॉलवर आईला मलांगची मावशी अडखळत दिसेल. चारवर लिनक्स मिंट नीट चालेल. दोन्हींचे पेनड्राइव्ह तयार आहेत. संध्याकाळी आले की झाकण उघडून बघेन, मगच ठरवेन.

सोयाबीनचं टेंपे तळून झाकलंय. तुकडे मोजलेत: तुझे दोन, आईचे चार.

वेनिंगताई