बाईसाहेबांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा कवळ्या घडवण्याचा (हात थरथरू लागल्यापासून बंद), हे मृत्युपत्र राहत्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात घाबरायचं कारण नाही, पण हे सांगताना ते माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत होते, म्हणून आधी हे उरकून घेते. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी सुरुवातीला "पूर्ण शुद्धीत, समजून-उमजून व कोणाच्याही दडपणाखाली न येता" असं घालायला सांगितलं आहे. शुद्धीत आहे. दडपण आणायला घरात दुसरं माणूस नाही. समजून-उमजून, एवढ्याचीच खात्री देता येत नाही. ते वकीलबाईंनी सांभाळून घ्यावं.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, माझ्या एकुलत्या एका मुलास द्यावं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. सगळ्या गावाला वर-खाली सुखरूप पोचवतो, आईकडे यायला मात्र दोन जिने चढताना त्याला दम लागतो. न्हाणीघरातला नळ डावीकडे फिरवला की बंद होतो. त्याच्या बाबांनी तो उलटा बसवला होता. बदलू नये.

कलम २. बँकेतली ठेव मुलगा आणि सून यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. दागिने सुनेला. माझ्या बांगड्यांना तिने लग्नात "जुन्या घडणीच्या" म्हटलं होतं. ते मी विसरलेले नाही, तरी बांगड्या तिलाच.

कलम ३. कवळ्यांची हत्यारं, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, साचे आणि घासायचं यंत्र, मागच्या गल्लीतल्या कारागिराला द्यावीत. माझ्या हातच्या कवळ्या बोलताना टकटक वाजतात असं तो गिऱ्हाइकांना सांगत असे. सुऱ्या हातात घेऊन बघू दे म्हणावं, धार कशाला म्हणतात ते.

कलम ४. इथे माझी गाडी अडली आहे. गेल्या रविवारपासून अडली आहे.

पुढच्या खोलीत भिंतीलगत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. तीत थोडे प्रवाळ, दोन केशरी मासे आणि एक समुद्रफूल. दुकानदार त्याला ॲनिमोनी म्हणतो. म्हणायचं फूल, पण आहे प्राणी. खाली पाय, वर तोंड, तोंडाभोवती बोटांएवढ्या हिरवट शेंड्या, आणि त्या शेंड्यांत ते दोन मासे दिवसभर लोळत असतात. माझे मयत पती या समुद्रफुलाला बाईसाहेब म्हणत. नाव अगदी बरोबर होतं. पाणी जरा ऊन झालं की बाईसाहेब रुसल्या. मीठ जरा कमी-जास्त झालं की आक्रसून मुठीएवढ्या. दिवा आठ तास हवा, पाण्याला ओढ हवी पण फार नको, आठवड्यातून एकदा कोळंबीचा नखाएवढा तुकडा चिमट्याने तोंडाशी न्यायचा. माझ्यासाठी ह्यांनी कधी संत्रं सोललं नाही.

वकीलबाईंनी विचारलं, "ही स्थावरात घालायची की जंगमात?" मी म्हटलं, दगडाला चिकटून बसते, तेव्हा स्थावर. त्यांनी तसं लिहूनही घेतलं. मग मी म्हटलं, पण मनात आलं की पाय सोडवून चालायला लागते, मागे एकदा चहा होईपर्यंत टाकीच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. वकीलबाईंनी ते खोडलं आणि पेन खाली ठेवलं. अजून ठरलेलं नाही.

हे जाऊन तीन वर्षं झाली. ते गेले त्याच आठवड्यात ती एवढीशी झाली, तोंड वासलेलं. मी म्हटलं, झालं, हीपण चालली. मग ह्यांची टाकीच्या नोंदींची वही काढली आणि वाचून वाचून करत गेले. टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही, तेव्हा वरून घालायचं ते गोडंच पाणी, ही साधी गोष्ट ते मला वीस वर्षं सांगत होते आणि मी ऐकलेलं न ऐकल्यासारखं करत होते. दहाव्या दिवशी ती फुलली. मी टाकीसमोर स्टुलावर बसून रडले. ह्यांच्यासाठी रडले की तिच्यासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. ती मला आवडते का, तेही माहीत नाही. एवढं खरं की सकाळी उठल्यावर आधी तिकडे बघते.

माझ्यामागे तिचं कोण करणार? बाकी सगळं कोणीही घेईल. हिला चार दिवस कोणी बघितलं नाही तर ही मरेल, आणि तिच्या विषाने मासेही जातील. मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आई, माझा फोन वाजला की लिफ्टमध्ये माणूस अडकलेला असतो. त्याला काय सांगू, थांबा हं, बाईसाहेबांचं मीठ मोजतोय?" दुकानदार परत घ्यायला तयार आहे, पण तो पडला विकणारा. कोणी हौशी काल मांडलेल्या टाकीत तिला नेऊन टाकेल. असल्या कोऱ्या पाण्यात ती महिनाही काढणार नाही.

मग मुलगा खाली मान घालून म्हणाला, "आत्याकडे टाकी आहे. बाबांनीच लावून दिली होती. दर गुरुवारी जायचे."

दर गुरुवारी हे वाचनालयात जात. निदान मला तसं सांगून जात. मी डबा भरून देत असे. तो डबा कोण खात होतं कोण जाणे. मी चिडले, मग मला हसू आलं, मग पुन्हा चिडले. आत्याच्या टाकीत सगळं आहे म्हणे, पाणी मुरलेलं, दगड, दिवा, मासे. फक्त बाईसाहेब नाहीत. का नाहीत, ते मला विचारावं लागलं नाही.

कलम ५. यात मालमत्ता काही नाही, पण हे लिहिल्याशिवाय पुढचं कलम लिहिता येत नाही.

आत्या म्हणजे माझी धाकटी नणंद. नकाशे काढायच्या कचेरीत होत्या, आता निवृत्त. लग्न केलं नाही. चौदा वर्षांपूर्वी आम्ही बारा दिवस माझ्या माहेरी गेलो आणि टाकी वन्संवर सोपवली. तेव्हा टाकीत ह्यांचं पहिलं समुद्रफूल होतं. ते चालत चालत पंपाच्या तोंडाशी गेलं आणि आत ओढलं गेलं. आम्ही आलो तेव्हा पाणी दुधासारखं पांढरं, एकही मासा जिवंत नाही, आणि वन्सं कोपरापर्यंत ओल्या, बादलीने पाणी उपसत होत्या. हे त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तेवढ्यात मी बोलले. "जिने जन्मात एक जीव वाढवला नाही, तिच्या हातात मी घर दिलं, माझंच चुकलं." वन्संनी बादली सरळ ठेवली, किल्ली टेबलावर ठेवली आणि गेल्या. त्यानंतर फक्त एकदा आल्या, हे गेले त्या दिवशी. तेव्हाही टाकीकडे पाठ करून उभ्या होत्या.

पंपाच्या तोंडावर स्पंजाची जाळी असते, काही आत जाऊ नये म्हणून. निघायच्या आदल्या दिवशी ती मी धुवायला काढली होती. परत लावली, असं मी चौदा वर्षं सांगत आले. कोणी विचारलं नाही तरी सांगत आले. आज शाईने लिहायला बसले तर हात पुढे सरकेना. नळाखाली धरलेली आठवते. पिळलेली आठवते. लावलेली आठवत नाही. मी खोटं बोलत होते असं नाही. किंवा बोलत होते आणि माझं मलाच कळलं नव्हतं. शेवटी वकीलबाईंना विचारलं, याला कायद्यात काय म्हणतात? त्या म्हणाल्या, "कायद्यात नाही बसत हे, काकू." मग कशात बसतं?

जाळी लावली असो वा नसो, ते वाक्य मी बोलले होते. ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. वन्सं, माझं चुकलं.

कलम ६. तरी बाईसाहेब वन्संना द्याव्यात.

हे वरचं वाक्य मी सोमवारी लिहिलं. मंगळवारी सकाळी बघते तर बाईसाहेबांचं तोंड लांबट झालेलं, मधोमध ताणलेलं, जणू दोघे दोन बाजूंनी ओढताहेत. लगेच दुकानदाराला फोन केला. तो आनंदाने ओरडलाच, "काकू, हात लावू नका, दोन होताहेत!" बुधवारी दुपारी खरोखरच दोन झाल्या. एक मोठ्या दगडावर, एक बाजूच्या छोट्या दगडावर, दोघी फाटक्या कडांच्या. मासेही गोंधळले. एकदा हिच्यात शिरत, एकदा तिच्यात.

आता ह्यांच्या बाईसाहेब कोणत्या? मूळ कोणती, नवी कोणती? दुकानदार म्हणतो दोन्ही मूळच. मग आधी होती ती गेली कुठे? मेली म्हणावं तर मेलं काहीच नाही. मरायच्या आधीच तिने स्वतःची वाटणी करून टाकली, आणि मी इथे आठवडाभर कागद खराब करते आहे. वकीलबाईंनी "सदर प्राणी व त्यापासून झालेले सर्व प्राणी" असं सुचवलं. ठीक आहे. सदर प्राणी व त्यापासून झालेले सर्व प्राणी माझ्या नणंदेस द्यावेत.

कलम ७. हे आज, सह्यांच्या दिवशी लिहीत आहे.

साक्षीदार दोन लागतात. एक वकीलबाई. दुसरा साक्षीदार मुलगाच असं मी धरून चालले होते, पण वकीलबाई म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्राने काही मिळतं त्याने साक्ष करू नये, केली तर त्याला लिहिलेलं बाद धरतात. मुलगा म्हणाला, माणूस बोलावला आहे. दार उघडलं तर वन्सं.

मी काय बोलले ते आठवत नाही. बसा म्हटलं असेन. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असं वकीलबाई सांगत होत्या, पण वन्संनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचत गेल्या. कलम पाचला फार वेळ थांबल्या. मुलगा उगाच पंख्याकडे बघत होता. मग त्या उठून टाकीपाशी गेल्या, काचेला नाक लावून दोघींकडे बघत राहिल्या. परत आल्या तेव्हा नाकाचं टोक ओलं होतं, डोळेही.

"सही कुठे करायची?"

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही सही केलीत तर कलम सहा बाद होईल. तुम्हाला काहीच मिळणार नाही."

"होऊ दे बाद. मेल्यावर मिळणारं काही नको मला हिच्याकडून. वहिनी, बादली आहे का घरात?"

छोट्या दगडावरची त्यांनी दगडासकट उचलली, पाय न दुखावता. बादलीत टाकीचंच पाणी घेतलं. हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

मी म्हटलं, "वन्सं, अहो, मग दुसरीचं काय? तिची सोय आता कागदावर कुठेच राहिली नाही."

"इस्पितळात असशील तेवढे दिवस मी येईन. पुढे तिचं तू करायचंस, घरी येऊन. कागदावर कशाला हवं?"

मुलगा बादली धरून जिना उतरतो आहे. वन्सं चपला घालून माझ्या सहीसाठी दाराशी थांबल्या आहेत. सही करायला पेन माझ्या हातात आहे, आणि मी कोणाला काय दिलं, मला काय मिळालं, याचा मेळ मला लागत नाही. कलम सहा रद्द समजावं. बाकी जसंच्या तसं.

सही: मृत्युपत्र करणारी
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: नऊ ऑक्टोबर, शुक्रवार

साक्षीदार पहिली: वकील, वरचा मजला. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार दुसरी: सही करणारीची धाकटी नणंद. माझ्यासमोर सही झाली. मला या मृत्युपत्राने काहीही मिळालेले नाही.