हेन्नेकोगेलच्या माद्या

इन्सब्रुक, ४ जून १९९३

चि. विगिल यास फिलोमेनाताईचे अनेक आशीर्वाद.

आईला जेवण जातंय ना?

आपल्या हेन्नेकोगेल डोंगरावर मला सापडलेलं ते पतंगाचं इवलंसं करडं पाखरू दुसरीकडे कुठेच नाही रे! नर उडतात. मादीला पंख नावालाच. ज्या फुलांच्या गादीवर जन्मते तिथेच मरते. सगळ्या त्या एकाच उतारावर आहेत, आत्ता अळ्या असतील. जुलैत सरकारी माणसं पाहणीला येताहेत. मादी दिसली, तर तुमचा रोपवे तिथे होणार नाही. चिडशील, ठाऊक आहे. पण जागेभोवती पांढरे दगड मांडलेत, तेवढ्यात मेंढरं जाऊ देऊ नकोस. तुझ्याखेरीज कुणाला बोलले नाही.

भावावर भरवसा ठेवणारी,
ताई


गाव, २१ जून १९९३

ती. ताईस विगिलचा सा. न.

मेंढरू एकही फिरकलं नाही, निश्चिंत राहा.

काल येशूच्या हृदयाचा सण. दरवर्षी आपण मागच्या सुळक्यावर हृदयाच्या आकारात आग लावतो, आईला खिडकीतून नुसता उजेड दिसतो. यंदा म्हटलं, म्हातारीला एकदा समोर दिसू दे. तेलात भिजवलेल्या भुशाची पोती आम्ही पाठीवरून वर नेली. जागा शोधावी लागलीच नाही, तुझे दगड होते. काय हृदय पेटलं म्हणतेस! फुलं जळतील म्हणून कुणी कुरकुरलं, तर मी म्हटलं, ताईनेच आखून दिलंय.

आई हुंदके देऊन रडली. तिलाही सांगितलंय, कल्पना तुझीच. डॉक्टर म्हणतात, पुढच्या सणाला ती नसेल. तेव्हा तिला चार गोड ओळी लिही, मी वाचून दाखवीन. पाखरांचं मनाला लावून घेऊ नकोस. पंख नसून त्या बिचाऱ्या नांदल्या. तुला असून जमलं का?

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
तुझा विगिल


इन्सब्रुक, २५ जून १९९३

ती. आईस फिलोमेनाचा शि. सा. न.

आग तुला समोर दिसली, वाचून बरं वाटलं. हो गं, जागा मीच आखली होती. तुला आवडली ना, मग झालं. जुलैत कामासाठी येणार होते, ते काम आता उरलं नाही. तुझ्यासाठी येईन, विगिल घरी नसेल तेव्हा.

पत्राखाली धाकट्याला आशीर्वाद लिहायची आपली रीत. आज तूच त्याच्या डोक्यावर हात ठेव, माझा उठत नाही. विगिल, ही ओळ गाळू नकोस. मोठ्याने वाच.

आई, तुझीच,
फिलोमेना