रेषेवर पहिली

४ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

नवा नियम वाचला आणि डोकं गरगरलं. आमच्या सात प्रकारांच्या स्पर्धेतला सातवा प्रकार, आठशे मीटरची शर्यत, त्यात आता सगळ्यांनी एकदम सुटायचं नाही म्हणे. आधीच्या सहा प्रकारांत जिचे गुण जास्त, ती आधी सुटणार. बाकीच्या मुली, गुणांच्या फरकाइतके सेकंद थांबून, मागून. रेषेवर पहिली तीच विजेती. आणि ही शक्कल समितीत तुम्ही लढवलीत, असं प्रशिक्षक बाई सांगत होत्या. धन्य आहात!

गोळा, भाला, उड्या यांत मी पुढे. पळण्यात माझी बोंब. आजवर या शर्यतीत पाचवी येऊनही सातही प्रकारांच्या बेरजेत जिंकत आले. आता ती लांब तंगड्यांची, जिला आम्ही शिडी म्हणतो, माझ्या मागे लागणार. यंदा फक्त पहिलीलाच परदेशी जाणाऱ्या संघात जागा आहे, आणि माझे गुडघे आणखी एक वर्ष काढतील असं वाटत नाही.

आईही बघायला येणार आहे. तुम्ही तिच्या गावातच राहता, तर तिला सगळं नीट समजावा.

तुमची लाडकी, पण सध्या फुगलेली,
ठकू

११ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

राग पोचला. आता माझं ऐक. इतकी वर्षं मैदानावर माइक घेऊन बसतोय. पहिली आलेली पोरगी हात उंचावते, लोक टाळ्या वाजवतात, आणि मग मी सांगतो की जिंकली ती पाचवी आलेली! तोवर निम्मे लोक चहाला पसार. तू जिंकलीस तेव्हा टाळ्या वाजवायला शिल्लक होतं कोण? लोकांना डोळ्यांनी दिसेल असा शेवट हवा होता, एवढंच. गुणांचेच सेकंद केलेत, अन्याय कुणावर नाही. निदान बैठकीत तरी असंच वाटलं होतं.

वहिनींना टेबलावर चार कप पुढेमागे ठेवून शर्यत दाखवली. त्या हो हो म्हणाल्या आणि कप धुवायला घेऊन गेल्या. तूच त्यांना इतकी वर्षं पढवलंयस ना, की रेषेवर पहिली ती पहिली नव्हे. ते काही डोक्यातून जात नाही.

गुडघे सांभाळ. राग ठेव, पण लोभही राहू दे.
काका

२ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला न भेटताच वसतिगृहात परत आले. हरले ते तुम्ही पाहिलंतच. एकटीच पुढे पळत होते. समोर कुणाची पाठ नाही, मागे किती अंतर ते कळेना. शेवटच्या वळणावर पावलं ऐकू आली आणि मी वळून पाहिलं. तेवढ्यात शिडी पुढे गेली.

पण खरी पंचाईत पुढेच. आई धावत खाली आली, मला कवटाळलं आणि अख्ख्या रांगेला सांगत सुटली, की ती आधी पोचली म्हणून काय झालं, बेरजेत माझीच लेक पहिली! घरी जाऊन तिने मोठी बॅग काढली, परदेशात थंडी असेल म्हणून स्वेटर भरले. मला रडू येत होतं आणि मध्येच हसूही. तुम्हीच सांगा तिला.

आणि मलाही सांगा, जुन्या नियमाने मी जिंकले असते का हो?

काही न उमजलेली,
ठकू

६ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

वहिनींना सांगितलं. आधी माझ्याशीच भांडल्या, जन्म मैदानावर गेला तरी मला साधी बेरीज येत नाही म्हणाल्या. मग बॅगेतले स्वेटर काढून पुन्हा घड्या घालत बसल्या.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, पोरी. कागदावर बेरीज तीच. पण सगळ्या एकदम सुटल्या असत्या, तर तू वळून कशाला पाहिलं असतंस? आणि किती पळायला हवं, हे शिडीला तरी कसं कळलं असतं? उलटसुलट विचार करून माझंच डोकं बधिर झालंय.

आता तू विचारलं नाहीस तेही सांगतो. त्या वळणावर सगळं मैदान उभं राहिलं, माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. मीही उठलो, बेंबीच्या देठापासून ओरडत होतो, आणि नाव कुणाचं घेतोय ते भोंग्यातून कानावर आलं तेव्हाच मला कळलं. शिडीचं. तू ऐकलंस का, ठाऊक नाही. वहिनींनी ऐकलंय. मी निघताना दारात तेवढं एकच बोलल्या.

लोभ असावा, हे आज कोणत्या तोंडाने लिहू? तरी लिहितो.
काका